होमगार्डच्या हाती श्वान: मुंबईत राखीव मनुष्यबळावर श्वान पथक उभारताना

श्वान पथक उभारायचे ठरले की पहिली चर्चा बहुधा जातीवर होते. लॅब्राडोर घ्यावा, डॉबरमन घ्यावा की बेल्जियन मॅलिन्वा, यावर तासभर बोलणे होते. श्वानाला हाताळणारी व्यक्ती, म्हणजे पोलिसांच्या भाषेतील श्वान हस्तक, जर पूर्णवेळ पोलीस नसेल आणि गृहरक्षक दलाचा जवान असेल, तर चर्चा दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करावी लागते. ज्या दिवशी त्या जवानाला कर्तव्यावर बोलावलेले नाही, त्या दिवशी श्वानाला कोण पाहणार? होमगार्डला आठवड्यातून दोन दिवस बोलावता येते, पण श्वानाला सातही दिवस भूक लागते, सराव लागतो आणि ओळखीचा माणूस लागतो. या प्रश्नाचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत एकही पिल्लू विकत घेऊ नये, अशी माझी ठाम सूचना आहे.

मुंबईत या दोन्ही गोष्टींची परंपरा जुनी आहे. देशातील पहिले गृहरक्षक दल याच शहरात डिसेंबर १९४६ मध्ये, दंगलींच्या काळात, नागरी स्वयंसेवकांचे दल म्हणून उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी त्याचा कायदा झाला. मुंबई पोलिसांचे श्वान पथक १९५९ पासूनचे आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ‘जंजीर’ या लॅब्राडोरने ३,३२९ किलो आरडीएक्स आणि ६०० डिटोनेटर शोधून दिले, तेव्हापासून या पथकाविषयी मुंबईकरांच्या मनात जी कृतज्ञता आहे ती आजही टिकून आहे. पुढील मजकूर या दोन परंपरा एकत्र आणू पाहणाऱ्या अधिकाऱ्यासाठी आणि ‘आपण श्वान हस्तक होऊ शकू का’ असा विचार करणाऱ्या जवानासाठी लिहिला आहे.

श्वानाला काम कोणते द्यायचे

श्वानाचे काम एकच ठरवावे. अमली पदार्थ, स्फोटके, गुन्हेगाराचा माग, बेपत्ता व्यक्तींचा शोध ही चार वेगवेगळी कामे आहेत आणि त्यांचे प्रशिक्षणही वेगवेगळे आहे. एकाच श्वानाला स्फोटके आणि अमली पदार्थ दोन्ही शिकवणे तर धोक्याचेच आहे, कारण श्वान पेटीसमोर बसला तेव्हा आत गांजा आहे की बॉम्ब, हे हस्तकाला कळणार नाही आणि दोन्ही प्रसंगी पुढची कृती पूर्णपणे वेगळी असते.

राखीव जवानांनी, म्हणजे होमगार्डनी, सुरुवात अमली पदार्थांच्या शोधापासून करावी, असे माझे मत आहे. तेथे एखादी पुडी सुटली तर तपासाचे नुकसान होते, स्फोटक सुटले तर माणसे जातात. बॉम्बशोधक व नाशक पथकाचे श्वान रोज सराव करतात, आणि तेवढा सराव नव्या पथकाला पहिल्या दोन वर्षांत जमेल असे गृहीत धरू नये. चावा घेऊन संशयिताला रोखणारा श्वान राखीव जवानाच्या हाती देऊच नये. बळाचा वापर किती आणि केव्हा करायचा, याचा निर्णय त्या क्षणी हस्तकालाच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी रोजच्या पोलिसी कामातून येणारा अनुभव लागतो.

हस्तक निवडताना

श्वानप्रेम ही निवडीची पहिली कसोटी मानली जाते. मुंबईत पहिली कसोटी अंतराची असली पाहिजे. जवान विरारला राहतो, नोकरी अंधेरीत करतो आणि श्वानगृह शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, तर त्याच्या मनात श्वानाबद्दल कितीही माया असली तरी चौथ्या महिन्यात त्याच्या फेऱ्या कमी होतील. त्यात त्याचा दोष नाही. घरापासून किंवा नोकरीच्या ठिकाणापासून श्वानगृह अर्ध्या तासाच्या आत असलेल्या जवानांचेच अर्ज घ्यावेत, आणि ते अंतर लोकल वेळेवर धावणाऱ्या दिवसाचे न धरता जुलैतल्या मुसळधार पावसाच्या दिवसाचे धरावे.

दुसरी कसोटी नोकरीची. होमगार्ड मानसेवी असतो आणि त्याचे पोट दुसऱ्या व्यवसायावर चालते. अमली पदार्थ किंवा स्फोटके शोधण्याचे मूळ प्रशिक्षण साधारण सहा महिन्यांचे, तर माग काढण्याचे साधारण नऊ महिन्यांचे असते, आणि श्वानाबरोबर हस्तकालाही ते पूर्ण करावे लागते. खासगी कंपनीत काम करणाऱ्या जवानाला सहा महिन्यांची रजा कोण देणार? येथेच बहुतेक आराखडे अडतात. यातून दोन मार्ग निघतात. एक म्हणजे आधीच शिकून तयार झालेला श्वान घेऊन नव्या हस्तकाशी त्याची जुळणी करून घेणारा काही आठवड्यांचा छोटा अभ्यासक्रम आखणे. दुसरा मार्ग माणसे निवडण्याचा आहे. लष्कराच्या पशुवैद्यकीय दलातून किंवा केंद्रीय सशस्त्र दलांतून निवृत्त झालेले, श्वानांबरोबर काम केलेले माजी जवान आज मुंबई आणि ठाणे परिसरात सुरक्षारक्षकाच्या नोकऱ्या करताना दिसतात. होमगार्डच्या नोंदणीत अशा व्यक्तींना प्राधान्य दिले तर प्रशिक्षणाचा निम्मा भार आपोआप हलका होतो. स्वतःचा व्यवसाय असलेली आणि आपली वेळ स्वतः ठरवू शकणारी माणसेही योग्य ठरतात. नोकरदार जवानाकडून मात्र नियोक्त्याचे लेखी ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय त्याचे नाव पुढे पाठवू नये.

तिसरी गोष्ट मुदतीची. कामाच्या श्वानाची सेवा साधारण सात-आठ वर्षे चालते, तर गृहरक्षक दलातील नोंदणी ठरावीक मुदतीची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. म्हणून निवडीच्या वेळीच जवानाकडून किमान पाच वर्षांची लेखी तयारी घ्यावी आणि त्याच्या घरच्यांशीही बोलावे. पहाटे साडेचार वाजता उठून जाणाऱ्या माणसाच्या घरी त्या उठण्याला संमती नसेल, तर ही व्यवस्था टिकत नाही. प्रत्यक्ष मुलाखतीपेक्षा महिनाभराची उमेदवारी अधिक उपयोगी ठरते. उमेदवाराला श्वानगृहात झाडलोट, आंघोळ घालणे आणि खाणे देणे ही कामे द्यावीत. महिनाभरानंतरही जो न सांगता वेळेवर येतो, त्यालाच हस्तक करावे.

प्रत्येक श्वानामागे दोन हस्तक असावेत. पूर्णवेळ पथकांतही ही पद्धत आहे, आणि राखीव पथकात तर ती अपरिहार्य आहे. दोघांनी एकाच शब्दात आज्ञा द्यायला हवी. एक ‘बस’ म्हणतो आणि दुसरा ‘सिट’ म्हणतो, एक पट्टा डाव्या हातात धरतो आणि दुसरा उजव्या, असे झाले तर श्वान गोंधळतो आणि त्याचे खापर त्याच्यावरच फुटते. आज्ञांची यादी, बक्षिसाचा चेंडू कोणता आणि तो केव्हा द्यायचा, हे सर्व एका कार्डावर छापून श्वानगृहाच्या भिंतीवर लावावे.

श्वान राहणार कोठे आणि त्याचा आठवडा कसा जाणार

अमेरिकेत श्वान बहुधा हस्तकाच्या घरी राहतो, आणि घरी त्याची देखभाल करण्यात जाणारा वेळ हाही कामाचाच वेळ असल्याचे तेथील न्यायालयांनी मान्य केले आहे. मुंबईत चाळीतील एका खोलीत किंवा पाचव्या मजल्यावरील लहान सदनिकेत तीस किलोचा कामाचा श्वान ठेवणे त्यालाही न्याय्य नाही आणि घरच्यांनाही नाही. येथे श्वान श्वानगृहातच राहील. पण त्या निकालांतील तत्त्व मात्र आपण जसेच्या तसे घ्यावे. होमगार्डला कर्तव्य भत्ता मिळतो तो बोलावलेल्या दिवसांचा. पहाटे येऊन श्वानाला फिरवून, सराव करवून, मग स्वतःच्या नोकरीवर गेलेल्या जवानाची ती दोन तासांची सेवा कोणत्याच हजेरीपटावर चढत नसेल, तर आपण त्याच्या चांगुलपणावर पथक चालवत आहोत, असाच त्याचा अर्थ होतो. देखभालीच्या वेळेचा भत्ता, त्या वेळेत अपघात झाल्यास विमा संरक्षण, आणि श्वानाने तिसऱ्या व्यक्तीला चावा घेतल्यास जबाबदारी कोणाची, या तीन गोष्टी शासन निर्णयात किंवा आयुक्तालयाच्या आदेशात स्पष्ट लिहून घ्याव्यात. तोंडी आश्वासनावर अवलंबून राहू नये.

श्वानगृहात चोवीस तास एक पगारी परिचर असला पाहिजे, तो पाळ्यांनी बदलत असला तरी चालेल. त्याच्या वर एक पूर्णवेळ पोलीस अंमलदार प्रभारी असावा, ज्याच्याकडे किल्ल्या, नोंदवह्या आणि निर्णयाचा अधिकार राहील. हस्तकांचे वेळापत्रक असे आखावे की दोघांपैकी एक जण रोज पहाटे येईल आणि आठवड्यातून एक दिवस, शक्यतो रविवारी, दोघेही एकत्र येतील. परदेशी पथकांत नियमित सरावाचे किमान प्रमाण महिन्याला सोळा तास मानले जाते. पहाटेच्या सत्रांतून आणि रविवारच्या लांब सत्रातून एवढा वेळ सहज भरतो, फक्त तो खंड न पडता भरला पाहिजे.

येथे एक धोका अगदी मुंबईचा आहे. गणेशोत्सव आला, निवडणूक आली की होमगार्डना सरसकट बंदोबस्ताला बोलावले जाते. मग श्वान हस्तक लालबागच्या रांगेत दोरी धरून उभा राहतो आणि श्वान दहा दिवस श्वानगृहात बसून राहतो, तेही ज्या दिवसांत त्याची सर्वाधिक गरज आहे अशा दिवसांत. हस्तक म्हणून नेमलेल्या जवानांना सर्वसाधारण बंदोबस्तातून आणि परजिल्ह्यातील निवडणूक कर्तव्यातून वगळण्याचा कायमस्वरूपी आदेश गृहरक्षक दलाच्या समादेशकांकडून, म्हणजे प्रमुख अधिकाऱ्यांकडून, आधीच काढून घ्यावा. हा आदेश हाती नसेल तर पथक कागदावरच राहील.

श्वानाची निवड आणि प्रशिक्षण

एका श्वानावर कधीही पथक उभारू नये. प्रशिक्षणातून एखादा श्वान नापास होतोच, आणि मग वर्षभराची मेहनत व माणसे दोन्ही रिकामी पडतात. दोन श्वान आणि चार हस्तक ही सुरुवात योग्य आहे. जातीपेक्षा स्वभाव पाहावा. उंच गवतात फेकलेला चेंडू दिसेनासा झाल्यावरही तो किती वेळ शोधत राहतो, गुळगुळीत फरशीवर आणि लोखंडी जिन्यावर त्याचे पाय थरथरतात का, भोंगा वाजल्यावर दचकून तो किती लवकर सावरतो, या परीक्षा घ्याव्यात. मुंबईसाठी मी त्यात आणखी एक जोडेन. श्वानाला गर्दीच्या रेल्वे पुलावर न्यावे आणि खालून जलद गाडी जात असताना तो हस्तकाकडे पाहतो की पळायला वाट शोधतो, ते पाहावे. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड यांच्या खुब्याच्या सांध्यांत जन्मजात दोष आढळतो, म्हणून खरेदीपूर्वी क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

राज्यात प्रशिक्षणासाठी पुण्याच्या शिवाजीनगरचे गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. ‘जंजीर’ तेथेच शिकला होता. केंद्रीय पातळीवर ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे केंद्र आहे. २०१९ पासून केंद्रीय गृह मंत्रालयात पोलीस श्वानांसाठी स्वतंत्र कक्ष असून पथकांची गुणवत्ता आणि मानके यांवर तो काम करतो. जागा मागताना प्रस्तावात हस्तक गृहरक्षक दलाचे आहेत हे स्पष्ट लिहावे आणि त्यांच्या प्रशिक्षणकाळाला कर्तव्यकाळ मानल्याचा आदेश जोडावा, नाही तर प्रस्ताव टेबलाटेबलावर फिरत राहतो.

सरावाचे पदार्थ आणि खोट्या इशाऱ्यांची गोष्ट

अमली पदार्थांच्या वासाचा सराव करायचा तर खरे पदार्थ लागतात, आणि त्यांचा ताबा कायद्याने अधिकृत असावा लागतो. हे नमुने प्रभारी अंमलदाराच्या कुलुपात राहतील, देताना आणि परत घेताना वजन होईल, दोघांच्या सह्या होतील, आणि ते कोणत्याही परिस्थितीत जवानाच्या पिशवीतून घरी जाणार नाहीत. यात ढिलाई झाली तर एका प्रामाणिक स्वयंसेवकाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. प्रत्येक पदार्थ वेगळ्या डब्यात ठेवावा आणि प्रत्येक वेळी नवे हातमोजे घालावेत, अन्यथा श्वान पदार्थाचा वास शिकण्याऐवजी हातमोज्यांचा आणि डब्याचा वास शिकतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक हस्तकाला सांगावा. अठरा श्वान-हस्तक जोड्यांना एका चर्चच्या खोल्यांत शोध घ्यायला सांगितले गेले. आत ना अमली पदार्थ होते ना स्फोटके, पण काही जागी कागदी खुणा लावून तेथे वास असल्याचे हस्तकांना सांगितले होते. तरीही दोनशेहून अधिक वेळा श्वानांनी इशारा दिल्याची नोंद झाली. श्वान आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे, पावलांकडे आणि पट्ट्याच्या ताणाकडे सतत पाहत असतो. हस्तक एखाद्या पेटीपाशी क्षणभर रेंगाळला तरी त्याला कळते की येथे बसले तर चेंडू मिळेल. नवख्या हस्तकाकडून हे अधिक घडते, आणि राखीव जवान बराच काळ नवखाच राहतो, कारण त्याच्या सरावाचे तास कमी असतात. म्हणून आठवड्यातून किमान एक सराव असा असावा की पदार्थ कोठे लपवला आहे हे हस्तकालाही माहीत नाही आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही माहीत नाही. आणि काही सत्रांत पदार्थ मुळीच लपवू नये. सगळी खोली शोधून ‘येथे काही नाही’ असे सांगणाऱ्या श्वानालाही शाबासकी मिळाली पाहिजे. सरावाच्या वहीत चुकलेले इशारे बरोबर इशाऱ्यांइतक्याच काटेकोरपणे लिहावेत. खाडाखोड नसलेली, चुकांसह लिहिलेली वही हीच पुढे पथकाची पत ठरते.

कायद्याची चौकट

कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला कायद्याने पोलिसाचे अधिकार आणि संरक्षण मिळते, पण त्यामुळे त्याला सगळे करता येते असा समज होऊ देऊ नये. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याचे कलम ४२ प्रवेश, झडती आणि जप्तीचा अधिकार शिपाईपदाहून वरच्या, शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यालाच देते. व्यक्तीची अंगझडती घ्यायची असेल तर कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडतीचा हक्क त्या व्यक्तीला सांगावा लागतो. म्हणून राखीव हस्तक श्वान चालवील आणि इशारा दिल्याचे सांगेल. तेथून पुढे प्राधिकृत अधिकारी काम हाती घेईल. तो अधिकारी सोबत नसेल तर श्वानाची गाडी श्वानगृहाबाहेर काढू नये.

माग काढणाऱ्या श्वानांच्या पुराव्याविषयी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका प्रथमपासून सावध राहिली आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या रेल्वे घातपाताच्या एका खटल्यात न्यायालयाने अशा पुराव्याला फार वजन दिले नाही, आणि त्यावरील एक आक्षेप असा नोंदवला की श्वान साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याच्या वतीने त्याचा माणूस बोलतो. श्वानाचा इशारा तपासाला दिशा देतो, दोष सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र पुरावा लागतो, एवढे भान ठेवावे. साक्षीला बोलावले जाण्याची शक्यता जवानाला प्रवेशाच्या वेळीच सांगावी, कारण खटला उभा राहीपर्यंत तो गृहरक्षक दल सोडून गेलेलाही असू शकतो. त्याचा कायमचा पत्ता आणि हजर राहण्याची लेखी हमी नोंदीत असावी.

मुंबईची हवा

श्वान अंगावाटे माणसासारखा घामाघूम होत नाही. जिभेवरील आणि श्वासनलिकेतील ओलावा वाफ होऊन उडतो, तेव्हा त्याचे शरीर थंड होते. मुंबईच्या दमट हवेत ही वाफ लवकर होत नाही, त्यामुळे नागपूरपेक्षा कमी तापमानातही येथे श्वानाला उष्माघात होऊ शकतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, आणि ते ४० च्या वर गेले की काम तत्काळ थांबवून त्याला सावलीत न्यावे, साध्या पाण्याने भिजवावे, पंखा लावावा आणि पशुवैद्याला कळवावे. धापा टाकणारा श्वान नीट वास घेऊ शकत नाही, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांच्या शोधानंतर विश्रांती ही त्याची सोय नसून शोधाची गरज आहे. एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी आठच्या आत संपवावा. डांबरी रस्त्यावर स्वतःचा तळहात सात सेकंद ठेवून पाहावा, चटका बसला तर श्वानाला तेथून चालवू नये. गाडी वातानुकूलित असावी आणि बंद गाडीत श्वानाला एकटे कधीही ठेवू नये.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि तो श्वानाकडून माणसालाही होऊ शकतो. रेबीजबरोबर त्याचीही लस वेळेवर द्यावी, आणि तुंबलेल्या पाण्यातून श्वानाला नेलेच तर परतल्यावर धुऊन कोरडे करावे. गोचिडांमुळे येणारा ताप आणि डासांमुळे होणारे हृदयातील कृमी ही दोन दुखणी येथे बारमाही आहेत, म्हणून श्वानगृहाला जाळ्या, उंच ओटा आणि उघडी न राहणारी गटारे हवीत. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाशी किंवा मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी आधीच लेखी व्यवस्था करावी. रात्री अडीच वाजता दवाखाना शोधायची वेळ येऊ नये.

पहिले वर्ष आणि त्यानंतर

पहिले सहा महिने प्रत्यक्ष कामगिरी नको. पुढचे सहा महिने श्वानाने अनुभवी पथकाच्या मागून जावे, म्हणजे नियमित पथकाने तपासलेली जागा त्याने पुन्हा तपासावी आणि दोन्ही निष्कर्ष ताडून पाहावेत. वर्षअखेरीस बाहेरच्या परीक्षकांकडून चाचणी घ्यावी. जोडी नापास झाली तर तिला आणखी तीन महिने द्यावेत, आणि पुन्हा नापास झाली तर श्वान बदलावा किंवा हस्तक बदलावा. ओळखीपाळखीचा माणूस आहे म्हणून उत्तीर्ण करू नये.

श्वान निवृत्त झाल्यावर तो कोणाकडे जाईल, हेही पहिल्याच आदेशात लिहावे. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात काम केलेले काही श्वान निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतावर राहिले, आणि ती व्यवस्था चांगली होती. पहिला हक्क दोन हस्तकांना द्यावा. त्यांच्या घरी जागा नसेल, जी मुंबईत बहुधा नसतेच, तर शहराबाहेरील संस्थेशी करार असावा, औषधोपचाराचा खर्च पथकाच्या अंदाजपत्रकातून चालू राहावा, आणि हस्तकाला महिन्यातून एकदा तेथे जाऊन श्वानाला भेटण्याचा प्रवासखर्च मिळावा.